मातीच्या पेटीतली देवी
आज डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या उत्खननातील वस्तू पाहिल्यापासून जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे महाराष्ट्रातील प्राचीन शेतकरी लोकांच्या श्रद्धांचा विचार मनातून जात नाही. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील) वस्तीत, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी पुरली होती. आत एक स्त्रीमूर्ती, आणि वर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व बैल. बैलाच्या पाठीला आणि त्या मूर्तीच्या पोटाला छिद्र असल्याने काडी खोचून तिला बैलावर बसवता येत असे. मूर्ती भाजलेली नाही. ती एखाद्या विधीपुरतीच घडवली असावी, असे मला वाटते. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घरातच पुरणारे हे लोक प्रौढांचे पाय मात्र घोट्यापासून तोडून दफन करीत. मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये, ही भीती होती की माया?