तुम्ही विचारलंत म्हणून: वेगन आहारातून पुन्हा मासळीकडे

"पोटाला जड नाही गेलं?" मी वेगन आहार (मांस-मासळी, अंडी, दूध काहीच नाही असा) सोडून पुन्हा मासळी खायला लागले हे कळलं की पहिला प्रश्न हाच येतो. लग्नाच्या पंगतीत, फोंड्याच्या बाजारात, ऑफिसात डबा उघडल्यावर. दुसरा प्रश्न जरा थांबून, आवाज खाली करून विचारतात: "आणि मनाला?" विचारणाऱ्यांतले बरेचजण स्वतःच या विचारात असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

वेगन जेवण वाईट म्हणून मी ते सोडलं नाही. गोव्यातल्या हिंदू घरात तसं जेवणं फारसं अवघडही नाही. खतखतं, मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक, नीरफणसाच्या कापा, सोलकढी. नारळावर चालणारं हे स्वयंपाकघर दुधावाचून अडत नाही. बी-१२ची गोळीही मी नेमाने घेत होते. (वनस्पतींतून बी-१२ भरवशाने मिळत नाही, आणि यकृतातला साठा काही वर्षं पुरत असल्यामुळे कमतरता फार उशिरा कळते. वेगन असाल तर ही गोळी चुकवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.) माझं घोडं अडलं ते लोहापाशी. दुसऱ्या बाळंतपणानंतर फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) काही केल्या वर येईना आणि लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. मासे-मांसातलं लोह शरीर डाळी-पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं. शिवाय ताटात थोडी मासळी असली तर सोबतच्या भाजीतलं लोहही अंगी जास्त लागतं. डॉक्टरांनी हे नीट समजावलं आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी तो विचार करून घेतला.

आता पोटाचं. इतकी वर्षं न खाल्ल्यावर शरीर मांस पचवायचं विसरतं, असं कितीतरी जणांनी मला सांगितलं. तसं होत नाही. तूरडाळीतलं प्रथिन फोडणारी पेप्सिन, ट्रिप्सिन ही विकरंच बांगड्यातलं प्रथिन फोडतात, आणि डाळ तर आपण रोजच खात असतो. बदलतात ते आतड्यातले जिवाणू, आणि तेही झपाट्याने. २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात काही स्वयंसेवकांना पाच दिवस फक्त प्राणिजन्य आहार दिला, तर तेवढ्या अवधीतच त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा मेळ बदललेला दिसला. तेव्हा सुरुवातीला थोडं पोट फुगलं तर घाबरायचं कारण नाही. जास्त त्रास देतात त्या वेगळ्याच दोन गोष्टी. एक, पहिल्याच दिवशी तेलाने थबथबलेलं ताट पुढ्यात घेणं. दुसरी, मासे आले म्हणून उसळ आणि तांबडी भाजी बाजूला सारणं. मग पोट साफ होत नाही आणि बोल लागतो माशाला.

खरं म्हणजे सोडलेली मासळी पुन्हा धरण्याची रीत गोव्यातल्या घरांना दरवर्षीच्या सवयीची आहे. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद. तेव्हा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सुक्या खाऱ्या मासळीवर दिवस काढायचे, मग श्रावण, मग चवथ (गणेश चतुर्थी). चवथीनंतर आमच्या आईकडे जी पहिली मासळी शिजायची ती तळलेली नसायचीच. पातळ हुमण (नारळाच्या रसातली माशाची आमटी) असायचं, सोलं (आमसुलं) आणि तिरफळं घातलेलं. मी तेच पकडलं. सुरुवातीला फक्त हुमणाचा रस भातावर घेतला, फोड नाही. मग एखादा तारला (सार्डिन). तारला लहान, मऊ, शिवाय बी-१२ने भरलेला. त्यानंतर बांगड्याची उडदमेथी, मग अंडं. तिसऱ्या (शिंपल्या) आणि सुंगटं (कोळंबी) मी मुद्दाम उशिरा आणि अगदी थोडी घेतली, कारण कवचाच्या माशांची ॲलर्जी मोठेपणीही नव्याने सुरू होऊ शकते. तोंडाला खाज आली, ओठ सुजले तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जायचं. गावठी कोंबडीची शागोती (मसालेदार रस्सा) सगळ्यांत शेवटी. तिच्यातलं तेल आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण मला आजही रात्री सोसत नाही, दुपारीच खाते. सोमवार आणि गुरुवार शिवराक (शाकाहारी) होते, ते तसेच ठेवले. मधल्या त्या दिवसांनी पोटाला फार आधार दिला.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला आवर्जून सांगते. बांगडा, तारले, कुपा (ट्यूना) ही मासळी उन्हात किंवा बर्फाविना पडून राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि कितीही शिजवलं, तळलं तरी ते जात नाही. असा मासा खाल्ला की थोड्या वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं, जुलाबही होतात. नुकतं मासे खायला लागलेल्या माणसाला वाटतं, झालं, आपल्याला आता मासे सोसत नाहीत. तो पुन्हा सोडून देतो. प्रत्यक्षात दुखणं त्या एका माशाचं असतं. म्हणून मी सकाळीच बाजारात जाते. कल्ले उघडून लाल आहेत का पाहते, डोळे फुगीर नि स्वच्छ आहेत का पाहते, आणि घरी आल्याबरोबर मासळी फ्रिजमध्ये ठेवते. बाजारातली मावशी माझी ही तपासणी निमूट बघते आणि म्हणते, "बाय, आयज तारले बरे आसात." ती बरे म्हणाली की बहुतेक वेळा ते बरे असतात.

मनाचं उत्तर एवढं सरळ नाही. मी एकच नेम केला: जे खायचं ते स्वतःच्या हाताने साफ करायचं. तारल्याचं डोकं अंगठा आणि बोटात धरून मोडलं, हळू ओढलं, की पोटातलं सगळं त्याबरोबर बाहेर येतं. खवले पाण्यात तरंगतात, हाताला चिकटतात, वाळले की चमकतात. पहिल्यांदा हे करताना मला रडू आलं. ते मी आवरलं नाही आणि मासेही टाकले नाहीत. एक जीव गेला आहे आणि तो माझ्या जेवणासाठी गेला आहे, हे बोटांना ठाऊक असलेलं मला बरं वाटतं. बोनलेसची थैली आणून हे ठाऊक झालं नसतं. त्यामुळे मी वाया घालवत नाही आणि भारंभार घेतही नाही.

मासा कुठल्या जाळ्यातून आला हेही विचारते. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी, म्हणजे रापण हे मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणाऱ्या मच्छीमारांनी, ट्रॉलरविरुद्ध मोठा लढा दिला. मातानी साल्ढाणा त्या लढ्यात पुढे होते. त्यातून १९८० साली सागरी मासेमारीचा कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची तरतूद आली. रापणीची मासळी मिळाली तर मी चार पैसे जास्त देऊन तीच घेते. यात माझा जीव गुंतलेला आहे. मासे खायचेच तर ते ओढणाऱ्या माणसांचं घर चालावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तिसरा प्रश्न, जो सासूबाईंपासून सगळे विचारतात: मासे चालतात तर चहात दूध का नाही? दूध मी पुन्हा सुरू केलेलं नाही. वेगन झाले ती गोठ्यातून वेगळी केलेली वासरं पाहून, आणि ते कारण माझ्यापुरतं अजून तसंच आहे. लोहासाठी दुधाची गरजही नाही. त्यात ते जवळजवळ नसतंच. चहा आल्याचा, बिनदुधाचा घेते, आणि जेवणानंतर तासाभराने, कारण चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही. सासूबाई आता माझ्यासाठी पायसात नारळाचा रस घालतात. कॅल्शियमसाठी तारले काट्यांसकट खाते, नाचणीची आंबील पिते. फेरिटिन हळूहळू वर आलं आहे. वर्षातून एकदा ते आणि बी-१२ तपासून घेते, तुम्हीही घ्या, मासे खात असा वा नसा.