पहिली, पाचवी, नववी

पहाटे सव्वातीनला लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावरून फोन. "सर, नेट मायनसमध्ये दाखवायलंय. ट्रॅक्टरची रांग लागली की मागं." मी छत्रपती संभाजीनगरला, पांघरुणात. उसाची गाडी दोनदा काट्यावर चढते, आधी भरलेली, मग रिकामी. वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस. इथे वजाबाकी उणे ४,८२० किलो. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे कारखानाच मला ऊस द्यायलाय म्हणा की!" काटामारीचा संशय या धंद्यात पाचवीला पुजलेला. मला हसू आलं नाही.

काट्याचं सॉफ्टवेअर आमचं, सी भाषेतलं. आदल्या दुपारीच नवा बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेला तयार प्रोग्राम, दिला होता. माझ्या मशीनवर फेडोरा ४२ हे लिनक्स टाकलं, त्यासोबत जीसीसी १५ आला, म्हणजे सी कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर. त्याला स्टँडर्ड, म्हणजे सी भाषेची आवृत्ती, सांगितलं नाही तर तो आता सी२३ धरतो. जीसीसी ८ पासून सी१७ धरायचा. आमच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, स्टँडर्ड कधी कुणी लिहिलंच नव्हतं. एररचा पाऊस पडला. बहुतेक रिकाम्या कंसांच्या: फंक्शनचे कंस रिकामे म्हणजे पूर्वी 'आर्ग्युमेंटचं नंतर बघू', आता 'एकही नाही'. त्या एकेक करून नीट निस्तरल्या, त्याबद्दल आजही मान ताठ आहे. उरली हेडर फाइलमधली एक: 'टाइपडेफ इंट बूल', म्हणजे बूल (हो-नाही साठवायचा खण) हे चार बाइटच्या इंटचंच दुसरं नाव. सी२३मध्ये बूल हा भाषेचाच शब्द झालाय. म्हटलं, बरं झालं, आणि ओळ उडवली. टेस्ट केली ती कोऱ्या डेटा फाइलवर. पास.

यार्डात १२ गाड्या रिकाम्या होऊन उभ्या होत्या, सगळ्यांचं भरलेलं वजन जुन्या बिल्डनं फाइलमध्ये लिहिलेलं. ऑपरेटरला म्हटलं, सेव्ह दाबू नका, नुसती टोकन टाकून बघा. पोरगा शांत डोक्याचा, आमच्या ऑफिसात असा एक नाही. पहिली, पाचवी आणि नववी गाडी सापडली, तिन्हींचं भरलेलं वजन शून्य. बाकी नऊ 'टोकन सापडत नाही'.

दर चौथी! तिथे झोप उडाली. रेकॉर्डमध्ये टोकन, दोन बूल, भरलेलं वजन, रिकामं वजन. चार-चार बाइटचे पाच खण, २० बाइट. खरा बूल एका बाइटचा. दोन बूल आणि दोन बाइट पॅडिंग, म्हणजे मोकळी भर, मिळून एकच खण, म्हणजे रेकॉर्ड १६चं. २० आणि १६ एकत्र येतात थेट ८०वर: जुन्याची पाचवी नोंद, नव्याची सहावी. आणि नवा बिल्ड भरलेलं वजन वाचत होता ते जुन्या 'पावती छापली का'च्या खणातून. नाही, म्हणून शून्य.

रेकॉर्डमधले दोन्ही बूल ३२ बिटांचे इंट केले, बिल्ड पाठवला, पाचच्या आत काटा सुरू. पण पहिल्या गाडीचं रिकामं वजन पोरानं आधीच सेव्ह केलेलं, ते नेमकं जुन्या भरलेल्या वजनावर बसलं होतं. फाइलमधून तो आकडा गेला तो गेलाच. शेतकऱ्यानं पहिल्या वजनाची चिठ्ठी टोपीत खोचून ठेवली होती, म्हणून निभावलं.

मेकफाइलमध्ये आता सी२३च आहे, पण लिहून. रेकॉर्डखाली स्टॅटिक अ‍ॅसर्ट: आकार २० नसेल तर बिल्डच होणार नाही.

साहेबांनी कारखान्याला कळवलं की कंपायलरमध्ये दोष होता. मी समोरच बसलो होतो, गप्प राहिलो. कंपायलरनं तर नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं होतं.