शिवराईचा भाव

गेल्या पावसाळ्यात दुकानात आलेला एक संग्रह अजून डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करतो. दिवसातला बराच वेळ लोकांना "याचे काही येणार नाहीत" हे सांगण्यात जातो. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ७८६ची नोट, सगळ्यांना लाखो हवे असतात. आपण जुन्या नाण्या-नोटांचे व्यवहार करत नाही, कमिशनही मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं. तरी लोक मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कुणाला तरी 'नोंदणी फी' भरतात आणि राग आमच्यावर काढतात.

त्या दिवशी साताऱ्याकडचे बहीण-भाऊ आले. वडील वारले होते. भावानं आधी चांदीचे रुपये ओतले आणि त्यातला १९३९चा वेगळा काढून ठेवला. "काका, हा एकटाच सगळं देऊन जाईल."

१९३९चा रुपया दुर्मिळ, हे खरंच. साडेअकरा ग्रॅमच्या वर वजन आणि जवळपास ९२ टक्के चांदी असलेला तो जुन्या मानाचा शेवटचा रुपया. १९४०पासून चांदी निम्म्यावर आली. इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचे रुपये वर्षावार जमवणाऱ्या प्रत्येकाला तो लागतोच, म्हणून भाव चढा. आणि म्हणूनच १९३८च्या आठाचा नऊ करणारेही भरपूर. भिंगाखाली धरला. शेवटच्या आकड्याची खालची डावी बाजू कोरून काढलेली होती आणि तेवढ्याच जागी चांदी खोल गेलेली, चमक वेगळी. भावाचा चेहरा उतरला. बाकीचे रुपये नेहमीचे होते, ते चांदीच्या भावानं गेले.

मग बहिणीनं पिशवीतून कागदी पाकिटं काढली. प्रत्येकात एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, आणि पाकिटावर वडिलांच्या बारीक अक्षरात वजन, बिंदूंच्या कड्याचं वर्णन, अक्षरांचा फरक. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति'. ना साल, ना टाकसाळीचं नाव. हातानं ठोकून पाडलेली नाणी, ठसा कोरणारा बदलला की कुठे 'शिव'चा 'सिव' होतो, कुठे वेलांटी बदलते. त्यातल्या बऱ्याचशा महाराजांच्या नंतर, अगदी पेशवाईतही पाडलेल्या. 'छत्र' आणि 'पति'च्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी त्यातलीच. हे सगळं त्या गृहस्थांनी एकट्यानं, पगारातून पैसे बाजूला काढून लावलं होतं. विद्यापीठात शोभावं असं काम आहे ते. एका पाकिटातल्या नाण्यावरची अक्षरांची मांडणी मी इतक्या वर्षांच्या धंद्यात क्वचितच पाहिली आहे.

पण चार-पाच नाणी भावानं येण्याआधी चिंचेनं घासून लख्ख केली होती. शंभर-दोनशे वर्षांचा गडद थर गेला की तांब्याचं नाणं जाणकार बाजूला सारतो. घरोघरी हेच होतं आणि कितीही सांगितलं तरी थांबत नाही.

"बाबांनी यात पैसे घातले ते चुकलं का हो?" बहिणीनं विचारलं.

त्या दुर्मिळ शिवराईला माझ्या ओळखीचे संग्राहक काही हजार देतील. १९३९चा रुपया खरा असता तर त्याच्या कितीतरी पट आले असते, आणि तसे रुपये शिवराईच्या त्या प्रकारापेक्षा संख्येनं नक्कीच जास्त आहेत. कारण उघड आहे. रुपयाला साल आहे, यादी आहे, संच पुरा करायचा हट्ट आहे. शिवराईत प्रकार ओळखणारेच मोजके, आणि बनावट मालाच्या भीतीनं नवा माणूस हात लावत नाही. त्यात १९७२चा पुरावस्तू कायदा: शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर विकता येत नाही, म्हणजे बोली लावणारे सगळे इथलेच. कायदा हवाच. पण किमतीवर त्याचं ओझं पडतं, हे बोलायला आमचे व्यापारी तयार नसतात. "दहा वर्षांत दसपट" म्हणत तेच नाणं नवख्याच्या गळ्यात मारतात आणि तो विकायला आला की निम्म्यानं मागतात.

मी तिला म्हटलं, "ताई, ही नाणी त्यांच्या लायकीपेक्षा स्वस्त आहेत, यात मला शंका नाही. पण ती महाग कधी होतील हे मी सांगू शकत नाही. मुलांच्या फीचे पैसे यात अडकवू नका."

एका गिऱ्हाईकाला फक्त ते एक पाकीट हवं होतं, रोख देत होता. भाऊ तयार होता. मी मधे पडायला नकार दिला. तो संच फुटला तर वडिलांच्या नोंदींना अर्थ उरत नाही. तो निर्णय धंद्याचा नव्हता आणि घरच्यांच्या वतीनं तो घ्यायचा मला हक्क होता का, यावर अजून माझं मन ठरत नाही. त्यांना पैशांची गरज होती.

शेवटी तिनं पाकिटं परत नेली. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन मी नोंदवून घेतलं, आणि तिला कागदावर दोन आकडे लिहून दिले: आज विकलं तर व्यापारी काय देईल, आणि तेच नाणं तो पुढे कितीला विकेल.