हिरव्या स्पेनचा प्लॅन ठरतोय

स्पेन म्हटलं की डोळ्यासमोर कडक ऊन आणि बार्सिलोनाची गर्दी येते ना, पण नकाशात वर उत्तरेला अस्तुरियास बघितलं आणि मी तिथेच अडकले, सगळं हिरवंगार, डोंगर थेट समुद्रापर्यंत आलेले. हिरवं का, तर पाऊस! उन्हाळ्यातही रेनकोट बॅगेत हवाच, आपल्याला काय पावसाचं कौतुक, पण नवरा कुरकुरतोय.

ल्यानेस गावात मुक्काम करायचं चाललंय, कारण जवळच गुल्पियुरी नावाचा भन्नाट बीच आहे, समुद्र दिसतच नाही, सुमारे 100 मीटर आत कुरणाच्या मधोमध वाळू आणि खडकाखालच्या भुयारांतून पाणी आत येतं. ओहोटीला मात्र जवळपास कोरडा पडतो, म्हणजे भरतीची वेळ बघूनच जायचं, नाहीतर पोपट.

मग पिकोस दे युरोपा, 1918 पासूनचं नॅशनल पार्क. कोवादोंगाच्या तलावांपर्यंत सीझनमध्ये स्वतःची गाडी नेता येत नाही, बस घ्यावी लागते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, तरी आमच्या घरात तारखांवरून अजून भांडणंच चालू आहेत.