तिसऱ्या दिवसाचं काय?

"डॉक्टर, दाढ काढताना किती दुखेल?" खुर्चीत टेकायच्या आधीच हा प्रश्न येतो. काहीजण तोंडाने विचारतात, काहीजण खुर्चीचे हात घट्ट धरून. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: काढताना दुखणार नाही. पण एवढ्यावर समाधान मानून घरी गेलात, तर तिसऱ्या दिवशी मला शिव्या घालाल. तेव्हा जरा सविस्तर.

भुलेसाठी आम्ही बहुतेक वेळा लिग्नोकेन वापरतो. १९४३ साली स्वीडनमध्ये हे औषध तयार झालं आणि तेव्हापासून आमच्या पेशाचं निम्मं ओझं त्याने उचललंय. ते कळ नेणारी नस काही वेळ गप्प करतं. दाब मात्र कळत राहतो. जबडा ढकलला जातोय, काहीतरी कडकन मोडलं, हे सगळं जाणवेल, ऐकूही येईल. अवघड दाढ आम्ही ड्रिलने कापून तुकड्यातुकड्यांनी काढतो, तो तुकडा सुटल्याचा आवाज असतो. (मला पाहून "तुम्हाला ओढायला जमेल का?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ओढायचं नसतंच, फोडायचं असतं.) टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर हात वर करा, आणखी भूल देता येते. इंजेक्शननंतर दोन मिनिटं छाती धडधडली तर घाबरू नका. भूल जास्त वेळ टिकावी म्हणून त्यात थोडं अ‍ॅड्रिनलिन घातलेलं असतं.

एक अडचण खरी आहे. पू झालेल्या, सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, कारण तिथली आम्लता औषधाला नसेत शिरू देत नाही. त्यामुळे दाढ ठणकून ठणकून गाल फुगेपर्यंत थांबलेल्या माणसालाच जास्त सोसावं लागतं.

जाता जाता, वेदना थांबवण्याच्या इतिहासात दंतवैद्य पहिल्या रांगेत आहेत, हे मी संधी मिळेल तिथे सांगते. १८४४ मध्ये होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. १८४६ मध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक करून दाखवणारे विल्यम मॉर्टनही दंतवैद्यच.

आता तिसरा दिवस. दाढ निघाली की तिथे खड्डा उरतो, तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठतं. ही गाठ म्हणजे त्या जागेचं झाकण. तिच्याखाली उघडं हाड असतं. गाठ टिकली तर तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी धरते, आत हाड भरायला काही महिने लागतात. गाठ निसटली तर हाड उघडं पडतं आणि दोन ते चार दिवसांच्या आत असा ठणका सुरू होतो की कान, कानशील सगळं धरतं. तोंडाला घाण वास येतो, गोळ्या दाद देत नाहीत. याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दाढेनंतर शंभरात दोन ते पाच जणांना होतो, खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेनंतर बराच जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी स्वतःची अक्कलदाढ काढली, त्या संध्याकाळी तोंडात रक्ताची चव नकोशी झाली म्हणून मी खळखळून चूळ भरली. रोज दहा जणांना "आज चूळ भरायची नाही" असं बजावणारी मी! तिसऱ्या रात्री कान धरून बसले होते. सकाळी एका सहकाऱ्याने खड्डा धुऊन लवंगतेलाची औषधी पट्टी भरली आणि अर्ध्या तासात मी माणसात आले. तो काही बोलला नाही, नुसता हसला.

म्हणून पहिले चोवीस तास त्या गाठीचे. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून ठेवा, सारखा काढून बघू नका. थुंकू नका, गिळा. स्ट्रॉ नको, सिगारेट नको. लाळेत मिसळलेले चार थेंबही वाटीभर रक्तासारखे दिसतात, त्याने हबकू नका. बाहेरून बर्फ फक्त पहिल्या दिवशी. कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा दुसऱ्या दिवसापासून. दुखण्याची पहिली गोळी भूल उतरायच्या आधी घ्या; दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी ठणक्याच्या मागे धावत राहते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. तोंड पुरतं उघडत नाही, तेही आठवडाभरात सुटतं.

याहून जास्त काळजी मला औषधांची वाटते. "काही चालू आहे का?" या प्रश्नाला "काही नाही" असं ठाम उत्तर देऊन लोक बसतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घेतलेली गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन त्यांच्या हिशेबी औषध नसतं. पण त्या औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता मरू शकतं. हे डॉक्टरांच्या लक्षात आलं ते २००३ च्या सुमारास. जबड्याला कधी रेडिएशन झालं असेल तर तेही सांगा. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधी प्रतिजैविकाचा डोस लागतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं उलटंच. त्या लोक स्वतःहून चार दिवस आधी बंद करून येतात आणि मला अभिमानाने सांगतात. असं करू नका. तोंडातला रक्तस्राव दाबून, टाका घालून थांबवता येतो. हृदयातल्या स्टेंटमध्ये गाठ झाली तर माझ्या हातात काही नसतं. गोळी थांबवायची की नाही हे ती लिहून देणारे डॉक्टर आणि आम्ही मिळून ठरवू.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळाजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. म्हणून आधी एक्सरे आणि मूळ नसेला लगटून दिसलं तर स्कॅन. क्वचित ओठ किंवा जीभ काही आठवडे बधिर राहते, फार थोड्यांची कायमची. हे सही घेण्यापूर्वी कुणी सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा. आणि दाढ गप्प बसलेली असेल, एक्सरेत काही खोट नसेल, तर "काढायलाच हवी का?" हेही विचारा. कधीकधी माझं उत्तर "नको" असतं.

बोळा दोनदा नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप चढला, दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल, तर फोन करा. सूज गळ्याकडे उतरू लागली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर माझा फोन लागायची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.