घरी वाचा

रात्रीचे पावणेबारा. सोमवारी परीक्षण द्यायचंय, ४८० पानांची कादंबरी उशाशी पडलीये, तिचा नायक अजून गॅलरीत उभा राहून पाऊसच बघतोय आणि मी सकाळपासून दोन शब्दांपाशी अडकून बसलेय.

झालं असं की ग्रंथपेटीची, म्हणजे वाचायला फिरत येणाऱ्या पुस्तकांच्या पेटीची, यादी जुळवायला काकांकडे गेले होते, ह्या वेळी पाळी आमच्या विंगची. पेटीत ते पुस्तक दिसलं. मागच्या वर्षी ज्या कुमार कादंबरीवर मी लिहिलं होतं तेच. सहज चाळलं तर पान ६८ च्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, गोल गोल अक्षरात, ‘आता रडू येतं. घरी वाचा.’ आणि त्याच्याखाली कुणाच्या तरी वेगळ्याच तिरक्या अक्षरात, ‘खरंच.’

बास, एवढंच.

घरी येऊन माझं कात्रण शोधलं. चारशे शब्द. ‘उत्तरार्धात भावनिकतेचा भडिमार होतो आणि कथानकाची वीण सैल पडते.’ वीण! कोणी विणत बसलं होतं? दहा-बारा वर्षांच्या कोणत्या पोराने हे वाचून पुस्तक उचललं असेल किंवा ठेवून दिलं असेल, मला एक दाखवा. आणि त्या गोल अक्षरवाल्याने पाच शब्दांत पुस्तक कसं आहे ते सांगितलं, कुठे आहे ते सांगितलं, वर वाचणाऱ्याची काळजीही घेतली. घरी वाचा म्हणजे रिक्षात नको, मधल्या सुट्टीत नको, चार पोरं बघतील असं नको. पुढे जो कोणी हे पान उघडेल त्यालाही चारचौघांत रडायची लाज वाटणार हे त्याला (की तिला) पक्कं ठाऊक होतं. मला माझ्या वाचणाऱ्याबद्दल असं काय ठाऊक असतं? शब्दमर्यादा ठाऊक असते.

कोणाचं पोर हेही कळायला मार्ग नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ह्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या कुठून कुठे फिरतात, पार दुबईपर्यंत गेल्यात, त्यामुळे ते सिडकोतलं असेल, नाहीतर सातपूरचं असेल.

दुपारभर स्वतःची कीव करून झाली. पंधरा वर्षं मोठ्यांच्या कादंबऱ्या, मुलांच्या कादंबऱ्या, जे येईल ते वाचून लिहितेय, मानधनात महिन्याचं दूधसुद्धा येत नाही, आणि परीक्षण वाचतं कोण तर ज्याचं पुस्तक तो लेखक आणि ज्याचं नाही तो दुसरा लेखक. मानसीला विचारलं, तू वाचतेस का गं माझं? तर म्हणे, ‘तू शेवट सांगत नाहीस ना, मग काय वाचायचं.’ ह्याला विचारलंच नाही. असो.

पण खरी बोच ती नाहीये. ती संध्याकाळी भांडी लावताना आठवली.

पान ६८ मी कुठे वाचलं होतं, तर कॉलेज रोडला डेंटिस्टकडे. मानसीच्या तारा घट्ट करायच्या होत्या, बाहेर बाकावर मी, समोर तो फिशटँक. तो मुलगा आजोबांची सायकल विकायला नेतो आणि विकायच्या आधी तिची घंटी काढून खिशात घालतो. मी पुस्तक मिटलं. पाणी प्यायले. मग कितीतरी वेळ त्या नारिंगी माशाकडे बघत बसले, शेजारच्या बाई ‘पहिल्यांदाच आलात का’ म्हणाल्या तर नुसती मान हलवली, बोलले असते तर आवाज फुटला असता. आणि त्याच रात्री घरी येऊन काय लिहिलं? भडिमार.

म्हणजे माझ्यावर झालेला भडिमार मी पुस्तकाच्या नावावर टाकला.

बरं, ही काही पहिलीच वेळ नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ आपल्या नाशिकच्या जेलमध्ये लिहिली, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. जेलरोडवरून जाताना आई हे दरवेळी सांगायची, जणू ती तेव्हा तिथेच डबा घेऊन उभी होती. चौथीत मी ते गोधडीत तोंड खुपसून वाचलं. घरीच वाचलं की! पुढे कॉलेजात त्याला रडकं म्हणायची फॅशन आली तर मीही म्हणाले, आईसमोर म्हणाले. ती काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली. तेव्हा तिला...

जाऊ दे.

आता हसूही येतंय. पंधरा वर्षांत मला कुणी ‘खरंच’ म्हणून खाली सही दिली नाही, त्या कार्ट्याला पहिल्याच परीक्षणाला मिळाली. आणि कथानकाची वीण सैल आहे हे मात्र मी अजूनही म्हणेन, तो हरवलेला मामा नेमका त्याच एसटीत भेटतो म्हणजे काय.

पेटी शनिवारी बदलायची आहे. काकांनी बजावलंय, ताई, द्यायच्या आधी पुस्तकं तपासा, पोरांनी काही गिरगटलं असेल तर खोडून टाका. हो म्हणालेय. खोडरबर सापडलं नाही असं सांगणार आहे.