ग्लोव्हज घालून ‘स्वीकारा’ कसं दाबायचं?

माझ्याकडे काम आलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘बुकिंग फ्लो सुधारणे’. ब्युटी सर्व्हिसेसचं ऑनलाइन मार्केटप्लेस. एका बाजूला वेळ घेणारे ग्राहक, दुसऱ्या बाजूला स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ब्युटीशियन. दुखणं एकच: बुकिंग व्हायचं, रद्द व्हायचं आणि तो ग्राहक पुन्हा फिरकायचा नाही. ग्राहकाची स्क्रीन किचकट आहे, असं सगळ्यांचं मत. माझंही तेच, कारण ग्राहक मी बऱ्याचदा झाले होते, ब्युटीशियन एकदाही नाही.

पहिले दोन महिने ग्राहकाचं ॲप घासण्यात गेले. फिल्टर कमी केले, फोटो मोठे केले. बटणाच्या रंगावर तीन मीटिंगा झाल्या, त्याबद्दल न बोललेलं बरं. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ वर आणला, तो मात्र खरोखर हवा होता. फिक्या गुलाबीवर पांढरी अक्षरं हा या क्षेत्रातला जुना आजार आहे. बुकिंग वाढलं, आणि रद्द होणंही वाढलं.

मग एका ब्युटीशियनकडे दिवसभर बसायची परवानगी मागितली. खुर्चीमागे स्टूल टाकून बसले. तिने वाटीत रंग कालवला, ग्लोव्हज चढवले, केसांचे भाग पाडून ब्रशने लावायला सुरुवात केली. फोन आरशाला टेकवून ठेवलेला. तेवढ्यात विनंती आली: दोन मिनिटांत ‘स्वीकारा’, नाहीतर ती दुसरीकडे जाणार. तिने करंगळीने दाबून बघितलं. रंगाने माखलेला ग्लोव्ह, स्क्रीनला स्पर्शच कळेना. मग वाकून कोपराने दाबलं आणि लागलं ‘नाकारा’. दोन्ही बटणं शेजारीशेजारी होती, मीच ठेवलेली. ॲपलच्या शिफारशीप्रमाणे ४४ पॉइंटची, मोजूनमापून. ते माप कोरड्या बोटाचं. तिकडे कुठल्यातरी ग्राहकाला मेसेज गेला की तुमची विनंती नाकारली.

“रोजचंच आहे, ताई,” ती म्हणाली आणि पुढचा भाग घेतला.

त्या रात्री जुने बदल काढून पाहिले. ग्राहकाचे जे जे कष्ट मी वाचवले होते, ते जवळजवळ सगळे ब्युटीशियनच्या गळ्यात पडले होते. ग्राहकाला केसांबद्दल प्रश्न नको म्हणून काढले, तर ते तिने फोन करून विचारायचे. अशा दोन बाजूंच्या बाजारावर रोशे आणि तिरोल या अर्थतज्ज्ञांचा २००३ सालचा प्रसिद्ध निबंध आहे. कुठल्या बाजूकडून किती पैसे घ्यायचे, यावर असा बाजार कसा अवलंबून असतो, ते त्यात मांडलंय. आमच्याकडे पैशांच्या वाटणीवर भरपूर चर्चा झाली होती. कष्टांची वाटणी मात्र कुणी मांडलीच नव्हती.

‘स्वीकारा’ काढून टाकायचं ठरलं. रिकामा स्लॉट दिसला की थेट बुकिंग. पण त्यासाठी कॅलेंडर खरं बोलायला हवं, आणि आमचं कॅलेंडर धादांत खोटं होतं. ते समजलं त्याच ब्युटीशियनच्या वहीमुळे. ॲप असूनही ती वही ठेवायची. हेअर कलरच्या वेळेसमोर मधोमध तिरकी रेघ आणि रेघेखाली दुसरंच नाव.

“रंग लावला की अर्धा-पाऊण तास मी मोकळी. तेवढ्यात एकीच्या भुवया होतात. तुमचं ॲप म्हणतं, मी दोन तास बिझी.”

उलटही व्हायचं. लांब, दाट केस आले की दोन तासांचे तीन व्हायचे आणि पुढचं बुकिंग तिलाच रद्द करावं लागायचं. आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक सर्व्हिसला वेळेचा एकच आकडा होता. आम्ही त्याचे तुकडे केले: हाताचं काम, थांबायचा वेळ, पुन्हा हाताचं काम आणि शेवटी आवराआवर. थांबायच्या वेळेत छोटी सर्व्हिस बसवायची की नाही, ते ब्युटीशियन ठरवणार. ग्राहकाला फक्त येण्याची आणि निघण्याची वेळ दिसते. केसांच्या लांबीचा प्रश्न परत आणला, पण चित्रांनी: कानापर्यंत, खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत. आधी ‘मध्यम’ असा पर्याय होता. आपले केस मध्यमच आहेत, असं जवळजवळ प्रत्येकीला वाटतं.

सगळ्यात जास्त भांडण पॅच टेस्टवरून झालं. केसांच्या कायमस्वरूपी रंगात बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते. म्हणून रंगाच्या ४८ तास आधी कातडीवर थोडासा लावून बघायचा असतो. आमचं ॲप ‘आजच बुक करा’ म्हणून मिरवत होतं. नवीन ग्राहक उत्साहाने यायची, ब्युटीशियन तिला परत पाठवायची आणि एक स्टार पडायचा, तोही ब्युटीशियनच्या नावावर. मी पहिल्या वेळच्या कलरला आधी टेस्टचा छोटा स्लॉट आणि त्यानंतर ४८ तासांनीच रंगाचा, असं जोडून टाकलं. बुकिंग कमी होईल, असं ऑफिसातले बाकीचे म्हणाले. झालंही. पण ते बुकिंग तसंही खरं नव्हतं.

रिव्ह्यूचं त्या मानाने लवकर आटोपलं. एकमेकींचं वाचून सूड उगवायला नको म्हणून ग्राहक आणि ब्युटीशियन दोघींनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दोन्ही दिसतात. घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये हेच केलं होतं. नवीन काही शोधलं नाही, शोधायची गरजही नव्हती.

टेस्टिंगमध्ये माझी आणखी एक चूक सापडली. ‘पाच जण पुरतात’ हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ नील्सन यांचं २००० सालचं वाक्य आमच्याकडे मंत्रासारखं म्हटलं जातं. त्याच लेखात पुढे लिहिलंय की वापरणारे दोन वेगळ्या प्रकारचे असतील, तर प्रत्येक प्रकारातले तीन-चार घ्या. मी पाचही ग्राहकच घेतले होते. या वेळी चार ग्राहक आणि चार ब्युटीशियन घेतल्या आणि ब्युटीशियनना मुद्दाम ग्लोव्हज घालायला लावले. दोघींनी प्रोटोटाइपवर क्रीमचे डाग पाडले. ते डाग जिथे पडले तिथली बटणं मी हलवली.

लाँचनंतर त्याच ब्युटीशियनकडे पुन्हा गेले. फोन आरशाला टेकवलेलाच होता, पण ती त्याला हात लावत नव्हती. बुकिंग आलं की ॲप नाव आणि वेळ वाचून दाखवतं, ती मान डोलावते. रद्द होणं बरंच कमी झालंय म्हणाली.

वही मात्र शेजारीच. मला जरा लागलंच. उघडून बघितली तर वेळा नव्हत्याच आता. एका नावापुढे लिहिलं होतं, ‘मानेला पाणी गार लागतं.’ दुसऱ्यापुढे, ‘बोलायचं नाही.’

मी विचारलं, “हे ॲपमध्ये लिहायला जागा देऊ का?”

तिने वही मिटली. “त्यांना दिसेल?”

“नाही दिसणार.”

“तुमच्या ऑफिसात दिसेल ना?”

मी हो म्हणाले. ती वही घेऊन तिने ड्रॉवरमध्ये टाकली आणि पुढच्या ग्राहकासाठी खुर्ची पुसायला घेतली.